तीनशे सात सूचना आणि एक कडी

दाराला कडी लावायची तर सामान लागतं ते असं: कडी एक, स्क्रू चार, पेचकस एक आणि बरे चालणारे हात दोन. माझ्याकडे हे सगळं पहिल्या दिवसापासून होतं. हातांबद्दल बायकोचं मत वेगळं आहे, पण तो विषय नको. सामान असूनही मला त्या कडीसाठी एक समिती, दोन जाहीर सभा, तीनशे सात लेखी सूचना आणि गल्लीत कमावलेली होती नव्हती ती सगळी अब्रू खर्ची घालावी लागली. आता लोक मला रस्त्यात थांबवून विचारतात, काय, कशी काय आहे कडी? जणू ती माझी नातेवाईक आहे.

झालं ते असं. आमच्या मुलीला दोन महिन्यांत तिसऱ्यांदा ताप आला. डॉक्टरांनी तपासलं, लघवीची चिठ्ठी वाचली आणि तिला विचारलं, पाणी किती पितेस? घरी खूप पिते, ती म्हणाली. आणि शाळेत? शाळेत पीत नाही. का, असं विचारल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि जमिनीकडे बघत सांगितलं की शाळेत मुलींच्या शौचालयाच्या दाराला आतून कडी नाही. बाहेरून मैत्रिणीला दार धरायला लागतं. मैत्रीण घंटा झाली की दार सोडून पळते. म्हणून पाणीच प्यायचं नाही. दहा वर्षांच्या पोरीने हा उपाय स्वतःच शोधून काढला होता आणि वर्षभर बिनबोभाट चालवला होता.

डॉक्टर म्हणाले की असंच चालू राहिलं तर पुढच्या वेळी दवाखान्यात भरती करावं लागेल. मला फार वाईट वाटलं. मी घरी येऊन हत्यारांची पेटी उघडली आणि मुलीला सांगितलं, ‘‘एवढंच ना? उद्या लावतो.’’

बायको भांडी पुसत होती. ती फक्त ‘‘बघा,’’ म्हणाली. आमच्या घरात या शब्दाचा अर्थ काय होतो हे सगळ्या नवऱ्यांना माहीत असावं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात उशिरा येतो म्हणून कळवलं आणि खिशात कडी, हातात पेचकस घेऊन मी शाळेच्या मोठ्या बाईंकडे, म्हणजे मुख्याध्यापिकांकडे, गेलो. शाळेची इमारत पंचावन्न वर्षांची. छताचा गिलावा जिथे जिथे पडतो तिथे बाईंनी खाली फरशीवर खडूने गोल काढले आहेत आणि मुलांना ताकीद आहे की गोलात उभं राहायचं नाही. बाईंच्या स्वतःच्या खोलीत पाच गोल होते. त्यांची खुर्ची त्या पाचांच्या मधोमध, आणि समोरच्या पाहुण्याची खुर्ची सरळ एका गोलात. मी त्या गोलात बसूनच बोललो.

बाईंनी कडी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि मोठ्या मायेने परत दिली. म्हणाल्या, कडी चांगली आहे, पण इमारत बांधकाम खात्याची. शाळेला त्यात एक खिळा ठोकायचा अधिकार नाही. मागे त्यांनी कॅलेंडर टांगलं तर ‘भिंतीस अनधिकृत छिद्र’ म्हणून पत्र आलं होतं. ते पत्र आता त्याच खिळ्याला लटकत होतं. मात्र, बाई म्हणाल्या, तुम्ही अगदी वेळेवर आलात. जुन्या शाळांच्या दुरुस्तीची योजना आली आहे. काय दुरुस्त करायचं हे खातं नाही ठरवणार, लोक ठरवणार. लोकांच्या सूचना गोळा करायच्या, त्यातलं जास्त मागणीचं काम आधी. तुमची कडी त्यातच येऊन जाईल. फक्त सूचना गोळा करायला समिती हवी आणि समितीला चिटणीस हवा. हे बोलता बोलता त्यांनी रजिस्टर उघडून माझं नाव लिहिलं. तेवढ्यात वरून गिलाव्याचा एक तुकडा माझ्या खांद्यावर पडला. ते त्यांनी माझी संमती म्हणून धरलं असावं.

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहतात. नोकरीत असताना नियमांची पुस्तकं छापून घेणं एवढंच त्यांचं काम होतं आणि ती पुस्तकं वाचलेला तो जगातला एकमेव माणूस. गल्ली त्यांना पोटकलम काका म्हणते. मी चिटणीस झाल्याचा वास त्यांना जिन्यातच लागला. फॉर्म कसा असावा हे त्यांनी न विचारता सांगितलं, आणि मी मूर्खपणाने ते लिहून घेतलं. सूचना देणारा सज्ञान हवा. एका माणसाची एकच सूचना. सूचना सहीनिशी हवी, आणि प्रत्येक सूचना शाळेच्या फाटकावर नावासकट लावली जाईल, म्हणजे पारदर्शकता. समितीच्या पदाधिकाऱ्याने स्वतः सूचना द्यायची नाही, कारण हितसंबंध. पदाधिकाऱ्याच्या कुटुंबीयांनीही नाही, कारण तेच.

पाचशे प्रती छापून आणल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. मुलीला सूचना देता येत नव्हती कारण ती लहान. मला येत नव्हती कारण मी चिटणीस. बायकोला येत नव्हती कारण तिचं माझ्याशी लग्न झालेलं. तिला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली की या लग्नाचे तोटे तिच्याकडे वहीत लिहिलेले आहेत, त्यात आणखी एक लिहिते.

पण मी खचलो नाही. गल्लीत दोनशे घरं. एकाने जरी कडी लिहिली तरी काम झालं. मी घरोघर फॉर्म वाटले आणि प्रत्येक दारात आवाज जरा खाली आणून सांगितलं की ते मुलींचं, त्याला कडी नाही, तेवढं लिहा. सगळ्यांनी मान डोलावली. न्हाव्याने तर हातातला वस्तरा थांबवून वचन दिलं. गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने साक्षीला होतं. खिडकीशी बसून बारा महिने लोकर विणणाऱ्या तळमजल्यावरच्या मावशींनी तेवढी मान डोलावली नाही. सुया न थांबवता त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि फॉर्म लोकरीच्या पिशवीत टाकला. मला वाटलं, म्हातारीला ऐकू कमी येतं.

सूचनांची पेटी फाटकाला लावली. तिचं कुलूप पोटकलम काकांनी आणलं आणि किल्ली समितीच्या अध्यक्षांकडे ठेवायचं ठरवलं. अध्यक्ष अजून नेमले नव्हते. पंधरा दिवसांनी मी पेटी पेचकसाने उघडली. त्या पेचकसाने तोवर केलेलं हे पहिलं काम.

पेटीतून तीनशे सात फॉर्म निघाले. वरून दोन वीजबिलं, एक चष्म्याची दांडी आणि ‘चिटणीस जिन्यात चपला वाजवतो’ अशी एक निनावी तक्रार. सहीअभावी ती मी बाद केली. मग सूचना वाचायला बसलो.

न्हाव्याने शाळेच्या दर्शनी भिंतीवर मोठं घड्याळ मागितलं होतं. दुकानातून दिसेल अशा बेताने. शाळेला लागून राहणाऱ्या एका गृहस्थांना शाळेची घंटा मऊ आवाजाची हवी होती, कारण दुपारी डोळा लागतो. एकाला कुंपणाची भिंत उंच हवी होती आणि त्याच्या शेजाऱ्याला, केवळ तो शेजारी म्हणून, ठेंगणी. एका तरुणाला मैदानात व्यायामाची यंत्रं हवी होती आणि एकजण लिफ्ट मागत होता. शाळा बैठी आहे, वर मजलाच नाही, हे त्याला मी नंतर भेटून सांगितलं. तो म्हणाला, पुढे होईल की. फाटकाच्या रंगावर मात्र एकशे अठ्ठावीस सूचना होत्या. निम्म्या निळ्याच्या, निम्म्या हिरव्याच्या. गिलाव्याबद्दल सतरा. बाकड्यांबद्दल नऊ.

कडीबद्दल एकही नव्हती.

मी गठ्ठा दोनदा पाहिला. मग ज्यांनी वचन दिलं होतं त्यांच्याकडे गेलो. प्रत्येकाचं उत्तर तेच. एवढी साधी गोष्ट, ती कुणीतरी लिहिलीच असेल असं वाटलं. शिवाय नावासकट फाटकावर लागणार होतं ना? फाटकावर आपल्या नावाखाली ते कसं लिहायचं? न्हावी म्हणाला, साहेब, चारचौघं बघतात. पारदर्शकतेने मुलींचं दार उघडंच ठेवलं होतं.

पहिली जाहीर सभा शाळेच्या सभागृहात झाली. तीनशे माणसं खडूचे गोल चुकवून बसली, त्यामुळे सभेचे आपोआप दोन गट पडले, आणि निळ्यावाल्यांनी एक बाजू धरल्यावर हिरव्यावाल्यांनी दुसरी धरली. बांधकाम खात्याचे इंजिनिअर आले होते. तरुण, नम्र, आणि प्रत्येक वाक्य कुठल्या फायलीत जाईल याचा अंदाज घेत बोलणारे. अडीच तास फाटकाच्या रंगावर चर्चा झाली. शेवटी एक फळी निळी, एक हिरवी असा तोडगा निघाला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उभा राहिलो आणि कडीचं बोललो.

इंजिनिअर साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, योजना सुधारणेची आहे, कडी ही किरकोळ दुरुस्ती, ती शाळेने करावी. मोठ्या बाई म्हणाल्या, शाळेला अधिकार नाही, दार इमारतीचा भाग आहे. साहेब म्हणाले, दार इमारतीचं हे बरोबर, पण कडी दाराची. त्यावर पोटकलम काकांनी उठून दार आणि कडी यांच्यातल्या कायदेशीर नात्यावर वीस मिनिटं घेतली. शेवटी साहेबांना माझी दया आली. त्यांनी सुचवलं की ‘शौचालय पाडून नव्याने बांधणे’ असं लिहा, ते सुधारणेत बसतं. मी विचारलं, किती दिवस लागतील? दोन वर्षं. आणि तोवर मुलींनी काय करायचं? साहेबांनी कागद चाळला आणि पर्यायी व्यवस्था असा शब्द असल्याचं सांगितलं. व्यवस्था नव्हती, शब्द होता.

घरी आलो तर मुलगी दारातच उभी. तिने विचारलं, ‘‘बाबा, लागली का?’’ मी तिला फाटक निळं आणि हिरवं होणार असल्याचं सांगितलं. तिने दप्तरातली पाण्याची बाटली काढून मोरीत ओतली. ती सकाळी भरली होती तेवढीच भरलेली होती. मला स्वतःची लाज वाटली. इतकी की मी जेवताना बायकोच्या कुठल्याही वाक्याला उत्तर दिलं नाही, आणि तिनेही त्या दिवशी मला सोडून दिलं.

शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर मी गेलो. शाळेच्या सेविका बाई आवार झाडत होत्या. माझ्या हातातला पेचकस बघून त्यांनी पाठ फिरवली आणि आवाराचं लांबचं टोक झाडायला घेतलं. त्या पाठीचे माझ्यावर उपकार आहेत. मी कडी लावली. पहिल्यांदा दाराच्या बाहेरच्या बाजूने लावली, हे मी इथे प्रामाणिकपणे नोंदवतो. ती काढून आतून लावली. मग काम चोख झालं का हे बघायला आत शिरलो, दार ओढलं आणि कडी सरकवली. छान बसली. इतकी छान की परत निघेना. चौकट ओलीने फुगलेली, आणि पेचकस मी बाहेर उंबऱ्यावर विसरलेलो.

मी आधी खाकरलो. मग हळूच हाका मारल्या. सेविका बाई लांब झाडत होत्या. अर्ध्या तासाने मी धीर सोडून दार बडवायला लागलो, आणि नेमके त्याच वेळी पोटकलम काका फाटकाची मापं घ्यायला आलेले. मुलींच्या शौचालयातून पुरुषाचा आवाज येतोय म्हटल्यावर त्यांनी नियमाप्रमाणे दहा साक्षीदार गोळा केले. मग दाराच्या बिजागऱ्या बाहेरून काढण्यात आल्या. दार बाजूला झालं तेव्हा समोर दहा साक्षीदार, न्हावी आणि त्याचं ते अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक. आजही ती दाढी मला स्वप्नात दिसते. मी म्हणालो की कडी लावत होतो. काका म्हणाले, ते दिसतंय, आतूनच लावली होती.

सेविका बाईंनी मात्र बिजागऱ्या परत बसवल्या, चौकट कानशीने घासली, कडीला तेल सोडलं, आणि दोन बोटांनी सरकवून दाखवली. एका बाईला दहा मिनिटं लागली.

सोमवारी मुलगी घरी आली ती रिकामी बाटली घेऊन. मंगळवारीही. बुधवारी म्हणाली की मधल्या सुट्टीत रांग लागते, पण धरायला कुणी लागत नाही. मला इतकं बरं वाटलं की मी त्या आनंदात न्हाव्याला माफ करून टाकलं.

गुरुवारी पत्र आलं. शासकीय इमारतीच्या दारास अनधिकृत जोडणी केल्याचं निदर्शनास आलं आहे, निदर्शनास आणणारे एक जागरूक नागरिक. मला ती सही पाहायचीही गरज पडली नाही. जोडणी का काढू नये याबद्दल लोकांची मतं जाहीर सभेत घेऊन सात दिवसांत कळवावीत. सभा बोलावण्याची जबाबदारी समितीच्या चिटणीसाची. म्हणजे माझी. मी लावलेली कडी काढावी का, हे मीच लोकांना विचारायचं होतं, आणि मत मात्र मला नव्हतं.

मुलीला कसं सांगायचं याचा मी दोन दिवस विचार केला. तिला ते फाटकावर वाचून कळलं. तिने एवढंच विचारलं की रविवारी काढली तर सोमवारी पाणी न्यायचं की नाही.

रविवारच्या दुसऱ्या सभेला पहिल्यापेक्षा जास्त गर्दी. बहुतेक जण मला बघायला आले होते. साहेबांनी पत्र वाचलं आणि मतं मागवली. लगेच पुरुषमंडळी सुरू झाली. एकाचं म्हणणं कडी पितळी हवी होती. दुसऱ्याने कडीऐवजी खटका सुचवला. मग पोटकलम काका उभे राहिले. त्यांनी रजिस्टर वर धरलं आणि म्हणाले की तीनशे सात सूचनांमध्ये या कडीची मागणी एकाही नागरिकाने केलेली नाही. जे कुणी मागितलंच नाही ते देता येत नाही. आणि हे, मला सांगायला जिवावर येतं, बिनतोड होतं. साहेब लिहायला लागले. मागच्या रांगेत माझी मुलगी आईला चिकटून बसली होती.

तेवढ्यात लोकरवाल्या मावशी बसल्या जागेवरून बोलल्या. सुया चालूच होत्या.

‘‘मी पहिलीला आले तेव्हा ही इमारत नवी होती. तेव्हाही कडी नव्हती. लावायची राहून गेली म्हणत होते.’’ त्यांनी सुईने मोठ्या बाईंकडे खूण केली. ‘‘ही पहिलीत आली तेव्हा मी चौथीत होते. हिचं दार मी धरायची.’’

आख्खी सभा मोठ्या बाईंकडे बघायला लागली. बाईंच्या हातात मुलांना गप्प करायची पट्टी होती, ती त्यांनी टेबलावर ठेवली.

‘‘हो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘धरायच्या ह्या. आणि ह्यांची घंटा झाली तरी सोडायच्या नाहीत.’’

मग मागून एक आवाज आला की तिचं दार तिच्या आतेबहिणीने धरलं. दुसरी म्हणाली, आम्ही पाळ्या लावल्या होत्या. तिसरी म्हणाली, मी तर सात वर्षं पाणीच प्यायले नाही. तो आवाज मला ओळखीचा वाटला म्हणून मी वळून पाहिलं. ती माझी बायको होती. बारा वर्षांच्या संसारात तिने मला माझ्या चपलांपासून घोरण्यापर्यंत सगळं ऐकवलं, आणि हे मात्र कधीच नाही. मी विचारलंही नव्हतं. इतकं ओशाळं मला त्या दहा साक्षीदारांसमोरही वाटलं नव्हतं.

आता खोलीभर बायका एकमेकींना सांगत होत्या, कुणाचं दार कुणी धरलं. त्यांचे नवरे, भाऊ, बाप फरशीवरच्या गोलांकडे बघत बसले होते. निळे आणि हिरवे, सगळ्यांची तोंडं आता सारखीच झाली होती. पोटकलम काका अजून उभेच होते. त्यांच्या शेजारी बसलेल्या काकूंनी, ज्यांचा आवाज मी वीस वर्षांत जिन्यातही ऐकला नव्हता, त्यांचा सदरा खाली ओढला. ‘‘माझं तुमच्या बहिणीने धरलं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘बसा आता.’’ काका बसले.

साहेब गोंधळले होते. भला माणूस, पण फॉर्मात याला रकाना नव्हता. ते म्हणाले की भावना समजल्या, पण पत्राला उत्तर म्हणून त्यांना स्पष्ट मत लिहून न्यावं लागेल, कडी ठेवायची की काढायची. त्यांनी पेन उघडून कागदावर टेकवलं आणि वाट बघत बसले.

मावशींनी लोकर पिशवीत ठेवली, गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि सावकाश चालत सभागृहाच्या मागच्या दाराने गेल्या. शौचालय भिंतीच्या पलीकडेच आहे. आम्हाला दार लोटल्याचा आवाज आला आणि मग कडी सरकल्याचा, अगदी स्वच्छ. मावशी आत बराच वेळ होत्या. साठीच्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा त्या शाळेत कसलीही घाई नव्हती. साहेबांनी एकदा घड्याळ पाहिलं आणि त्यांना लगेच ते चुकल्यासारखं वाटलं.

मग कडी परत सरकली. मावशी आल्या, जागेवर बसल्या, लोकर मांडीवर घेतली आणि साहेबांकडे पाहिलं.

‘‘आता काढा,’’ त्या म्हणाल्या.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं.